बावीस वर्षं न उपसलेली टाकी

माझी संडासाच्या टाक्या उपसायची गाडी हाय. अहमदपुरात अशा तीन गाड्या, त्यातली हिरवी माझी. मागं 'बालाजी सेप्टिक सर्व्हिस' लिवलेलं हाय आन खाली मोबाईल नंबर. तो नंबर निम्म्या गावाच्या फोनात हाय, पण दुसऱ्याच नावानं. कुणी 'बालाजी पेंटर' म्हणून ठेवलाय, कुणी नुसतं 'बी'. का, तर आमच्याकडं टाकी भरणं म्हणजे लाज. गाडी दारात उभी राहिली की अख्खी गल्ली गेटवर येती. मिस्त्रीनं फसवलं वाटतं, खाणारी तोंडं वाढली वाटतं, सुरू. म्हणून लोक मला हळूच सांगतात, गाडी शेजाऱ्याच्या दारात लाव आन पाईप आमच्याकडं आण. मी लावतो. मग शेजाऱ्यालाबी फोन करतो, म्हणतो, सगळी गल्ली म्हणायली तुमची भरली म्हणून. दोघांची जुंपती. मी पाईप गुंडाळत बघत ऱ्हातो. ह्या धंद्यात तेवढीच करमणूक.

पण अण्णारावाएवढी करमणूक मला कुणीच दिली न्हाई.

अण्णाराव रिटायर ग्रामसेवक. थोडगा रोडला त्यांचं घर, दोन हजार तीनचं बांधकाम. तवापासून टाकी एकदाबी उपसलेली न्हाई. ही गोष्ट ते रोज सकाळी बसस्टँडसमोर वीरेशच्या हॉटेलात सांगायचे. दुसरे लोक पोरगा इंजिनियर झालेला सांगतात, हे टाकी सांगायचे.

"बूडच ठेवलं न्हाई म्या," म्हणायचे. "मिस्त्री म्हणला, मालक, खाली सिमेंट टाकू. म्हणलं, टाकू नको. खाली काळी माती हाय, पाणी जिरतं, गाळ कुजतो. बाल्याच्या गाडीचं तोंड बघायची पाळीच येणार न्हाई."

बाल्या म्हणजे मी. पन्नाशीचा झालो तरी बाल्याच. मी बाकड्यावर टेकलो की ते उठून दुसऱ्या बाकड्यावर जायचे आन नाकाला रुमाल लावायचे. मला त्याचा राग न्हवता. वास येतोच की.

त्यांना एकच लेक, शिल्पा. उमरीला दिली होती. नवऱ्यानं पाठीवर गरम इस्त्री ठेवली तवा माघारी आली, त्याला चार वर्षं झाली. अण्णारावानं बँकेचं कर्ज उचलून घराच्या मागं दोन खोल्या बांधल्या आन तिला अभ्यासिका काढून दिली. पोलीस भरतीचे, तलाठ्याच्या परीक्षेचे पोरं-पोरी सकाळी सहापासून येऊन बसायचे. चोवीस खुर्च्या, एक वॉटर फिल्टर, भिंतीवर नकाशा. उमरीवाले दर वर्षी चार माणसं घेऊन यायचे, पोरगी पाठवा म्हणायचे. ती बाहेर येऊन सांगायची, "माझं पोट इथं भरतंय. ते भरायचं थांबलं की या." ते चहा पिऊन परत जायचे.

औंदा सप्टेंबरात पाच दिवस पाऊस लागला. पाचव्या दिवशी दुपारी पोरं डबे खायला पुढच्या ओसरीत आली होती, तेवढ्यात मागं आवाज झाला. अभ्यासिकेची मागची भिंत हातभर सुटली, फरशी खाली बसली, संडास एका अंगाला कलला. माणूस कुणी खाली दबलं न्हाई. नगरपरिषदेनं दाराला चिठ्ठी चिकटवली, आत जाऊ नये म्हणून. चोवीस खुर्च्या ओसरीत एकमेकीवर रचून ठेवल्या.

कर्जासोबत बँकेनं घराचा विमा करायला लावला होता. तो केलता दस्तगीरभाईनं. दस्तगीरभाई विमा एजंट, जुना माणूस, अर्धं गाव त्याच्याकडं. तो दुसऱ्या दिवशी घरी गेला. मीबी गेलो, बघायला.

"पावसानं जमीन खचली तर पॉलिसीत बसतंय, अण्णाराव," दस्तगीरभाई म्हणला. "भिंतीसकट सगळं बसतंय. पण खोल्या टाकीला लागून हायत. लातूरहून साहेब येतील पाहणीला, ते विचारतील टाकीची निगा राखली का. निगा न राखल्यानं नुकसान झालं असं लिवलं तर एक रुपया येणार न्हाई. उपसल्याचा कागद हाय का?"

अण्णारावानं रुमालानं मान पुसली. मी तिकडं कललेल्या संडासाकडं बघत राहिलो, हसू दिसू ने म्हणून.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी अण्णाराव माझ्या शेडात आले. पहिल्यांदाच. रुमाल खिशातच होता.

"बालाजी," ते म्हणले.

बावीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण नाव. मी त्यांना उपड्या ड्रमवर बसवलं. ड्रम कशाचा हाय ते सांगितलं न्हाई.

"एक पावती पाहिजे होती. टाकी उपसल्याची."

"कुणाची टाकी?"

"माझी."

"पण तुमची तर भरतच न्हाई की हो, अण्णाराव."

"लेकीचा प्रश्न हाय, बालाजी."

"तसं असलं तर देतो. कोणत्या सालाची?"

"दोन वर्षांपूर्वीची दे."

"किती ट्रिपा लिवू?"

"एक."

"एका ट्रिपात वीस वर्षं मावतील का? साहेबाला हिशोब कळतो. दोन लिवतो." लिवली, सही केली, शिक्का मारला. पैसे घेतले न्हाईत. फुकट का देतो म्हणून त्यांना शंका यायला पाहिजे होती, पण जन्मभर ग्रामसेवक राहिलेल्या माणसाला फुकटचं नवल वाटत न्हाई. पावती घडी करून वरच्या खिशात ठेवली आन जाताना रस्त्याला कुणी बघत न्हाई ना, ते आधी डोकावून बघितलं.

लातूरचा साहेब सोमवारी आला. रुद्रेश नाव, पस्तिशीचा, बुटाला चिखल लागू ने म्हणून टाचेवर चालणारा, पण माणूस बरा. टेप लावून भिंत मोजली, फोटो काढले, टाकीच्या झाकणावर उभं राहून काही तरी लिवलं. अण्णारावाच्या बायकोनं, सिंधुकाकूनं, सगळ्यांना फोडणीच्या मुरमुऱ्याचा सुशीला दिला. मुरमुरे अजून गरम होते. शिल्पा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं सकाळपासून काही खाल्लं नसणार, तोंडावरून दिसत होतं. दस्तगीरभाई माझ्या बाजूला बसलेला.

अण्णारावानं पावती दिली. साहेबानं बघितली, मग मला विचारलं, "तुमचीच का ही?"

"माझीच पावती हाय, साहेब," मी म्हणलं. ह्यात काय खोटं होतं?

साहेबानं पावती फायलीत घातली. पेनाला टोपण लावलं. "काका, पावसाचंच प्रकरण दिसतंय," म्हणला. "आजूबाजूलाही चार ठिकाणी जमीन बसलीय. मी तसंच लिहितो. महिना-दीड महिन्यात होऊन जाईल काम."

शिल्पानं चौकट सोडली आन आत जाऊन आईच्या गळ्यात पडली. आवाज आला तिचा, हसल्यासारखा. अण्णाराव खुर्चीत मागं रेलले. मी निघायच्या बेतात होतो. खरंच. पण तेवढ्यात त्यांनी रुमाल काढला आन माझ्याकडच्या अंगानं नाकाला लावला. सवयीनंच लावला असणार.

मी परत बसलो.

"साहेब, एक विचारू का," म्हणलं. "मिस्त्री हलका असला की टाकी लवकर भरती. ते कंपनीला चालतंय का?"

"म्हणजे?"

"न्हाई, गावात तीस-तीस वर्षं न भरलेल्या टाक्या हायत. माणसं हुशार, काम पक्कं. अण्णारावाची मातर वर आली होती भरून. घरात माणसं तीन आन दोन ट्रिपा कराव्या लागल्या. लई घाण निघाली. मी तर तवाच म्हणलो, ह्यांना बांधकामातलं काही कळत न्हाई."

दस्तगीरभाईनं माझ्या मांडीला चिमटा काढला. मी मांडी हलवली न्हाई. अण्णारावाचे कान बघत होतो. आधी कानाची पाळी लाल झाली, मग सगळा कान, मग मान.

शिल्पा आतून धावत आली. "बाबा, चहा घ्या," म्हणली. "बाबा, माझ्याकडं बघा."

अण्णाराव तिच्याकडं बघेनात. ते माझ्याकडं बघायले होते.

"मला कळत न्हाई?" म्हणले.

"भरली तर भरली, अण्णाराव. त्यात काय एवढं. गरिबाच्याबी भरतात."

"कुणाची भरली बे? कुणाची?" ते उभे राहिले. सुशीला सांडला. "साहेब, बावीस वर्षं झाली. बावीस. ह्याच्या गाडीचा टायर माझ्या दारात टेकला न्हाई. विचारा गावाला. म्या बूडच ठेवलं न्हाई टाकीला, सगळं पाणी खाली जिरतंय, आजपर्यंत झाकण उघडलेलं न्हाई. आन हा म्हणतो, घाण निघाली."

सांडलेले मुरमुरे फरशीवर एक एक दिसायले होते. अण्णारावाचं तोंड उघडंच राहिलं. बोलणं संपल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

साहेबानं पावती परत बाहेर काढली. तिच्याकडं बघितलं, मग टाकीकडं, मग खचलेल्या भिंतीकडं. बावीस वर्षांचं पाणी कुठं जिरलं ते त्याला आता कुणी सांगायची गरज न्हवती.

"काका," तो म्हणला, "हे मला ऐकू आलं नाही असं मी म्हणू शकत नाही."

त्यानं पेनाचं टोपण काढलं. सिंधुकाकू खाली बसून मुरमुरे गोळा करायला लागली. शिल्पा तशीच उभी, चहाचा कप हातात, चहा बशीत सांडून राहिला होता आन तिला कळत न्हवतं.

बाहेर आल्यावर दस्तगीरभाईनं मला गाडीपाशी धरलं. "क्यों किया रे ऐसा? बच्ची का घर था वो."

"मजा आली," म्हणलं. "तुम्ही कान बघितले का त्यांचे?"

त्यानं माझा हात सोडला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलतच न्हाई. त्याचं नुकसान.

वीरेशच्या हॉटेलात मी तो प्रसंग आठ दिवस करून दाखवला. अण्णारावाचं उभं राहणं, साहेबाचं टोपण, सगळं. लोक चहा नाकातून काढायचे. कुणी म्हणायचं, पुन्हा एकदा कान करून दाखव. कान कसे करणार? पण मी करायचो.

कंपनीचं पत्र आलं. खोटा कागद दिल्याबद्दल दावा फेटाळला. उमरीला ही बातमी कुणी पोचवली ते मला माहीत न्हाई, पण पंधरा दिवसात चार माणसं आली. ह्या बारीला शिल्पा बाहेर येऊन काही बोलली न्हाई. त्यांनी दिवाळीपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं. अण्णाराव हॉटेलात यायचे बंद झाले.

मग शिल्पा माझ्या शेडात आली. हातात बाँड पेपर, टाईप केलेला.

"काका, मी लातूरला साहेबांना भेटून आले. ते म्हणाले, पावती देणाऱ्यानं लिहून दिलं की पावती मीच चेष्टेत दिली, त्यांनी मागितली नव्हती, तर बाबांवरचा खोटेपणाचा ठपका जाईल. फाईल परत उघडेल. पाऊस तर पडलाच होता. अर्धे तरी मिळतील. अर्ध्यात एक खोली उभी राहील." एका दमात बोलली. वाटेत पाठ केलं असणार.

मी कागद वाचला. नीट लिवला होता. "देतो की सही," म्हणलं.

तिचे डोळे भरले.

"पण वडलांना पाठव. हॉटेलात, सकाळी दहाला, सगळे असतात तवा. त्यांनी सगळ्यांपुढं एवढंच म्हणायचं, बालाजी, माझी टाकी भरली, गाडी घेऊन ये. मग लगेच सही."

"काका, ते आजारी असल्यासारखे झालेत. माझ्याकडून म्हणवून घ्या. मी म्हणते हवं तर."

"तुझी टाकी हाय का?"

ती गेली. मला वाटलं अण्णाराव येणार न्हाईत. तरी मी लोकांना सांगून ठेवलं, उद्या दहाला जागा धरून बसा. पावणेदहालाच बाकडी भरली. दहाला अण्णाराव आले. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, दाढी केलेली, हनुवटीला कापलेलं. शिल्पा बाहेर रस्त्यावरच थांबली, कागद छातीला धरून.

अण्णाराव माझ्या समोर उभे राहिले. ओठ हलले.

"मागच्या बाकड्यावर ऐकू गेलं न्हाई," मी म्हणलं.

"बालाजी, माझी टाकी भरली."

"आन?"

"गाडी घेऊन ये."

"कवा येऊ?"

हे ठरलेलं न्हवतं. त्यांनी रस्त्यावर लेकीकडं बघितलं. "तुला सवड होईल तवा, बालाजी," म्हणले.

हॉटेल फुटलं हसून. वीरेश तेवढा खाली मान घालून पातेलं ढवळत होता. अण्णाराव हसू थांबेपर्यंत उभेच राहिले. जा म्हणलं न्हवतं कुणी, म्हणून.

मी बाहेर जाऊन सही केली. तीन ठिकाणी. खाली परवाना नंबरबी टाकला. शिल्पा माझ्या पाया पडली.

आता खरी गंमत. त्या परवान्याची मुदत चार वर्षांपूर्वीच संपली होती. नगरपरिषदेच्या दोन नोटिसा माझ्या शेडात पडून हायत, मी त्यांच्यावर डबा खातो. परवाना नसलेल्या गाडीवाल्याच्या लिवण्याला कुठली कंपनी विचारणार? नंबर तपासला की दोन मिनिटांत कळतंय. मला तवाच माहीत होतं. अण्णाराव शर्टाला इस्त्री करत होते तवाबी माहीत होतं.

कंपनीनं तपासला. शिल्पा लातूरहून संध्याकाळच्या बसनं आली, ते मी लांबून बघितलं. कागद तिच्या हातात न्हवता.

दिवाळी झाली आन उमरीवाले आले. पाडव्यानंतर चौथ्या दिवशी मी स्टँडवर कुणाची तरी वाट बघत होतो, तर शिल्पा नांदेडच्या गाडीजवळ उभी. पुढं उमरीची गाडी धरायची असणार. दोन बॅगा, सोबत सासरकडचा एक म्हातारा. मला बघून ती स्वतः होऊन माझ्याकडं आली.

"काका, एक विचारायचं होतं. परवाना संपलाय हे तुम्हाला आधीच माहीत होतं का?"

मी कधी खोटं बोलत न्हाई. "हाव," म्हणलं.

तिनं मान हलवली. शिवी देईल म्हणून मी वाट बघत होतो. शिवीची तयारी होती माझी, उत्तरबी तयार होतं.

"बाबांना सांगू नका," ती म्हणली. "त्यांना वाटतंय लातूरचा साहेबच वाईट निघाला. त्यांना वाटतंय त्यांनी त्यांच्याकडून सगळं केलं. एवढंच त्यांच्याजवळ राहिलंय, काका. कुणालाच सांगू नका."

"न्हाई सांगत," म्हणलं.

ती गाडीत चढली. खिडकीतून तिनं मला हात जोडले. गाडी स्टँडाच्या गेटातून बाहेर पडली न पडली तोवर मी रस्ता ओलांडून हॉटेलात. एवढा माल पोटात ठेवून माणूस किती येळ हिंडणार?

सगळं सांगितलं. परवाना, नोटिसा, त्याच्यावरचा डबा, तीन सह्या, पाया पडणं. लोक हसायले होते. मी 'सवड होईल तवा' पर्यंत आलो आन बघतो तर पुढची माणसं एकदम गप. कुणी माझ्या मागं बघायलं होतं.

मागच्या बाकड्यावर अण्णाराव बसले होते. लेकीला बसवायला आले असणार, आन स्टँडात जायचा धीर झाला नसणार.

"म्हणजे त्या दिवशी मी म्हणलो, त्याचा काहीच उपयोग न्हवता?" त्यांनी विचारलं. आवाजात राग न्हवता. कचेरीत एखादी गोष्ट विचारावी तसं विचारलं.

"न्हवता, अण्णाराव."

"आन तुला ते माहीत होतं."

"हाव."

त्यांनी अर्धा कप चहा तसाच बाकड्यावर ठेवला. मग उठले, खिशातनं दहाची नोट काढली. वीरेश घेईना. ती त्यांनी गल्ल्यावर नीट सरळ करून ठेवली. दारात गेले, स्टँडाकडं एकदा बघितलं आन लातूर रोडनं चालायला लागले. त्यांचं घर तिकडं न्हाई.

"अरे वीरेश, चहा टाक एक," मी म्हणलं.

"संपला," वीरेश म्हणला. पातेलं त्याच्यापुढं उकळत होतं.

बरं. मी उठलो. पलीकडं तहसीलच्या कोपऱ्याला नवीन हॉटेल झालंय, तिथंबी सकाळची दहा-बारा माणसं असतात. त्यांनी ही गोष्ट अजून ऐकली न्हवती.